गाडीचं नाव शेवटी: जुन्या मोटार शर्यतीचं चित्र कसं वाचायचं

माझ्या घरी, नाशिकच्या गंगापूर रोडला, बाहेरच्या खोलीत एक छापील चित्र टांगलेलं आहे. रुंदी अडीच फूट. भद्रकालीतल्या जुन्या सामानाच्या दुकानातून आणलं तेव्हा काच तडकलेली होती आणि मागच्या पुठ्ठ्याला वाळवी लागायला सुरुवात झाली होती. डोंगरातला कच्चा रस्ता, डावीकडच्या वळणात शिरलेली निळी गाडी, तिच्या मागे धुळीत अर्धी बुडालेली लाल गाडी आणि वर चढणीवर तिसऱ्या गाडीचा नुसता धुरळा. उजवीकडे रचलेल्या दगडांची भिंत, तिच्यावर तीन माणसं. कोपऱ्यात सही आहे, पण ती लागत नाही.

माझी नोकरीची वर्षं सातपूरच्या एका टूलरूममध्ये गेली, त्यामुळे घरी येणाऱ्यांत यंत्रावर काम केलेली माणसं जास्त. ती चित्रासमोर उभी राहिली की पहिला प्रश्न ठरलेला: "गाडी कुठली?" चित्रकलेचे विद्यार्थी येतात ते विचारतात, "चित्र कुणाचं?" दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. पण ते पहिले विचारले की उत्तर मिळाल्याबरोबर माणूस खुर्चीत जाऊन बसतो आणि चित्र बघायचं राहून जातं. म्हणून नव्याने अशी चित्रं बघणाऱ्यांसाठी मी एक क्रम ठरवला आहे. त्यात गाडीचं नाव शेवटाकडे येतं.

पहिली पायरी: तुम्ही कुठे उभे आहात?

चित्रापासून पाच-सहा पावलं मागे या. चित्रकाराने तुम्हाला कुठे उभं केलंय, ते आधी शोधा. क्षितिजाची रेषा दिसत असेल तर सोपं आहे: ती जिथे आहे त्या उंचीवर तुमचे डोळे. दिसत नसेल तर रस्त्याच्या दोन्ही कडा मनातल्या मनात लांबवा. त्या जिथे मिळतील तो लोपबिंदू आणि सपाट रस्ता असेल तर तीच तुमच्या डोळ्यांची उंची.

माझ्या चित्रात ही उंची निळ्या गाडीच्या बॉनेटच्याही खाली येते. म्हणजे चित्रकाराने आपल्याला वळणाच्या आतल्या बाजूला, जवळजवळ चरात बसवलं आहे. तिथून गाडीचं पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं दिसतं आणि चालवणारा आकाशावर उठून दिसतो. हीच गाडी गच्चीवरून काढली असती तर खेळण्यातली वाटली असती. १९३० च्या दशकात मोनाकोच्या शर्यतीची पोस्टर्स करणारा फ्रेंच चित्रकार जिओ हॅम हा असा खालून बघण्यात तरबेज होता. त्याच्या गाड्या कागदातून बाहेर अंगावर येतात, कारण पुढचा भाग तो प्रमाणापेक्षा मोठा करतो आणि मागचा झपकन लहान. प्रमाण चुकलं म्हणून नाक मुरडू नका. किती चुकवलंय ते मोजा, चित्रकाराला काय हवं होतं ते त्यातूनच कळतं.

इथेच एक बारीक तपासणी उरकून घ्या. छापताना चित्र उलटं तर झालेलं नाही ना? गाडीवरचे आकडे आणि अक्षरं सरळ आहेत का, ते बघा. त्या काळच्या बहुतेक युरोपीय शर्यतीच्या गाड्यांत स्टेअरिंग उजवीकडे असे, अगदी इटली-फ्रान्सच्या गाड्यांतही. चालवणारा गाडीच्या डाव्या बाजूला बसलेला दिसला तर शंका घ्यायला जागा आहे. मोबाईलवर फोटो काढून तो उलटा फिरवून बघायला अर्धं मिनिट लागतं.

दुसरी पायरी: धुरळा वाचा

बैलगाडा शर्यत ज्याने कडेला उभं राहून बघितली आहे, त्याला ही पायरी शिकवावी लागत नाही. धुरळा कुणाचा, कुणाच्या तोंडात जातोय, वारा कुठून आहे, हे आपण न बोलता बघत असतो. चित्रातही तेच करा.

माझ्या चित्रात निळ्या गाडीमागचा धुरळा जमिनीलगत दाट आहे आणि उजवीकडे सरकत विरळ होतो. म्हणजे वारा डावीकडून. लाल गाडी त्या धुरळ्याच्या बाहेर पडायचा प्रयत्न करतेय आणि त्यासाठी रस्त्याच्या डाव्या, वाऱ्याच्या बाजूला आली आहे. तिथे वळणाची आतली कड आहे, जागा कमी आहे. धुरळा खात मागे राहायचं की जागा नसताना आत घुसायचं, हा लाल गाडीवाल्यासमोरचा प्रश्न चित्रकाराने एका करड्या पट्ट्यात सांगितला आहे.

आता एक गोष्ट, जी नवखे हमखास चुकतात. पुढे दिसतो तो शर्यतीत पुढे असतोच असं नाही. जुन्नर-आंबेगावकडच्या घाटात, म्हणजे बैलगाड्याच्या धावपट्टीवर, बारी (एक बैलगाडा) एकेक पळते आणि निकाल घड्याळ देतं, तसंच कित्येक जुन्या मोटार शर्यतींचं होतं. अरुंद रस्त्यावर सगळ्यांना एकदम सोडणं शक्य नसे, म्हणून गाड्या ठरावीक अंतराने सुटत आणि प्रत्येकाचा लागलेला वेळ मोजला जाई. सिसिलीतली तार्गा फ्लोरिओ, जी १९०६ साली सुरू झाली, ती अशीच. इटलीतलीच मिले मिलिया, ब्रेशियाहून रोमला जाऊन परत ब्रेशियाला, सुमारे १६०० किलोमीटर, तीही अशीच. त्या शर्यतीत नंतरच्या काळात गाडीवरचा क्रमांक म्हणजेच सुटण्याची वेळ असे. १९५५ साली ब्रिटिश चालक स्टर्लिंग मॉसच्या मर्सिडीजवर ७२२ लिहिलं होतं, कारण ती सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी सुटली. तो १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत परत आला आणि जिंकला. शेजारी बसलेला डेनिस जेंकिन्सन रस्त्याच्या खुणा लिहिलेली लांबलचक कागदी गुंडाळी उलगडत त्याला हाताने इशारे करत होता.

म्हणून अशा शर्यतीच्या चित्रात लाल गाडी निळीला गाठतेय असं दिसलं, तर त्याचा अर्थ फार मोठा असू शकतो: मागून सुटून तिने मधलं अंतर खाल्लं आहे. रस्त्यावर ती दुसरी आहे, घड्याळात कदाचित पहिली. चित्र बघताना हे मनात आलं की निळ्या गाडीवाल्याचा चेहराच वेगळा वाटायला लागतो.

तिसरी पायरी: पुढची चाकं

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, तुम्हीही घालवा.

निळ्या गाडीचं नाक डावीकडे आहे, कारण वळण डावीकडे आहे. पण तिची पुढची चाकं बघा. ती उजवीकडे वळलेली आहेत. पहिल्यांदा बघणारे म्हणतात, चित्रकार चुकला. तो चुकलेला नाही. गाडीला जोर मागच्या चाकांचा, टायर अरुंद, रस्ता खडीमातीचा. वळणात वेग जास्त झाला की मागची चाकं पकड सोडतात आणि गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते. त्या क्षणी चालवणारा स्टेअरिंग शेपटी जातेय त्याच बाजूला, म्हणजे वळणाच्या उलट फिरवतो. तसं केलं नाही तर गाडी स्वतःभोवती गरकन फिरेल. पावसाळ्यात ओल्या चिकणमातीवर मोटारसायकलचं मागचं चाक सरकलं की आपले हात आपोआप काय करतात, ते आठवा. नाशिकच्या आसपासच्या माळावर रॅलीच्या गाड्या बघितल्या असतील, तर हेच डोळ्यांनी बघितलं असेल: गाडी आडवी, चाकं सरळ वाटेकडे.

निष्णात चालक हे मुद्दाम करतात. पुढची-मागची चारही चाकं थोडी थोडी घसरू देऊन, ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडीचा रोख धरून वळण काढायचं. १९५० च्या दशकात पाच वेळा जगज्जेता झालेल्या हुआन मान्युएल फांजिओचं नाव याच कौशल्याशी जोडलं जातं. अशा वेळी पुढची चाकं जवळजवळ सरळ दिसतात आणि सगळी गाडीच तिरकी सरकत असते. तेव्हा चित्रात तीन दिशा शोधा: गाडीचं नाक कुठे, पुढची चाकं कुठे आणि रस्ता कुठे. तिन्ही एकाच दिशेला असतील तर चित्र शांत आहे, मागे कितीही रेघोट्या ओढलेल्या असोत. तिन्हींत तफावत असेल तर त्या तफावतीतच शर्यत आहे.

मग चाकांवरून वर या, हातांकडे. त्या काळचं स्टेअरिंग मोठं, परातीएवढं, आणि जड. निळ्या गाडीवाल्याचं उजवं कोपर गाडीच्या बाहेर आलंय, उजवा हात खाली गेलाय, डावा हात आणि खांदा वर चढलाय. म्हणजे त्याने स्टेअरिंग नुकतंच उजवीकडे ओढलं आहे. चाकं आणि हात एकमेकांना दुजोरा देतात. जिथे देत नाहीत, तिथे चित्रकाराने चालवणारा एका फोटोवरून आणि गाडी दुसऱ्यावरून घेतली असण्याचा संभव असतो. हे मला कळलं तेव्हा मी आधी आवडलेली काही चित्रं परत बघितली आणि दोन मनातून उतरली.

चौथी पायरी: वेग कसा दाखवलाय?

चाक गोल असतं, पण जुन्या शर्यतीच्या चित्रांत ते अनेकदा पुढे कललेल्या अंड्यासारखं दिसतं. याचं मूळ कॅमेऱ्यात आहे. त्या काळच्या काही कॅमेऱ्यांत फिल्मऐवजी काच असे, शटरच्या पडद्यातली अरुंद फट तिच्यावरून सरकत जाई आणि प्रतिमेचा एकेक पट्टा क्रमाने टिपला जाई. चाकाचा खालचा भाग टिपला जाऊन वरचा टिपला जाईपर्यंत गाडी पुढे गेलेली असे. जाक आंरी लार्तिग या फ्रेंच मुलाने अठरा-एकोणीस वर्षांचा असताना एका ग्रां प्रीमध्ये, म्हणजे मोठ्या मोटार शर्यतीत, काढलेला असा फोटो जगप्रसिद्ध आहे. त्यात चाक पुढे कललंय आणि कडेची माणसं व खांब मागे, कारण गाडीबरोबर कॅमेराही फिरवला जात होता. काचेवर झालेली ही गंमत चित्रकारांनी उचलली आणि वेगाची खूण म्हणून वापरली.

तुम्ही स्वतः करून बघा. नाशिक-पुणे एसटीत खिडकीशी बसा, मोबाईल आडवा धरा आणि गाडी वेगात असताना जवळून जाणाऱ्या विजेच्या खांबाचा फोटो काढा. मोबाईलचा सेन्सरही ओळीओळीने टिपतो, म्हणून खांब तिरका येतो. एकदा हे हाताने केलं की चित्रातलं कललेलं चाक बघून कधी गोंधळ होणार नाही.

दुसरी युक्ती: गाडी स्पष्ट, मागचं सगळं पुसट. तिसरी: गाडीचा थोडा भाग चौकटीच्या बाहेर कापलेला, जणू चित्रकाराला ती पकडता आली नाही. इटलीतल्या भविष्यवादी चित्रकारांनी तर गाडीच काढून टाकली. त्यांच्या १९०९ च्या जाहीरनाम्यात धावती शर्यतीची गाडी ग्रीक विजयदेवतेच्या प्रसिद्ध पुतळ्याहून सुंदर आहे, असं ठासून सांगितलं होतं. पुढे त्यांच्यातल्याच जाकोमो बाल्लाच्या चित्रांत नुसते कोन, लाटा आणि भोवरे उरले. तसं चित्र समोर आलं तर या लेखातल्या निम्म्या पायऱ्या गैरलागू होतात. तिथे गाडी शोधत बसू नका.

त्याच वर्षांत आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके वाटाण्याच्या रोपाची वाढ फ्रेम-फ्रेम करून टिपत होते, १९१२ साली. कुणी झपाट्याने जाणारी गोष्ट थांबवत होता, तर कुणी डोळ्याला न दिसणारी सावकाश हालचाल पळवून दाखवत होता. मला हे दोन्ही एकाच कुतूहलातून आलेलं वाटतं.

पाचवी पायरी: रंग, पण सावधपणे

जुन्या शर्यतींत रंग देशाचा असे. फ्रान्स निळा, इटली लाल, ब्रिटन हिरवा, बेल्जियम पिवळा, जर्मनी आधी पांढरा आणि १९३४ पासून चंदेरी. ब्रिटनच्या हिरव्याची गोष्ट छान आहे. १९०३ ची गॉर्डन बेनेट करंडकाची शर्यत ब्रिटनने भरवायची होती, पण इंग्लंडच्या रस्त्यांवर शर्यतीला कायद्याने बंदी. म्हणून ती आयर्लंडमध्ये झाली आणि यजमानांच्या मानासाठी ब्रिटिश गाड्या हिरव्या रंगवल्या गेल्या. जर्मनांच्या चंदेरी रंगाची कथाही ऐकायला मिळते: गाडी ७५० किलोच्या मर्यादेपेक्षा किंचित जड भरली म्हणून रातोरात पांढरा रंग खरवडून काढला आणि खालचा ॲल्युमिनियमचा पत्रा चमकला. संघाच्या व्यवस्थापकानेच ती सांगितली, पण अभ्यासकांनी तिच्याबद्दल शंका घेतल्या आहेत. तुमच्या कामाचं एवढंच, की चंदेरी जर्मन गाडी दिसली तर चित्रातला काळ १९३४ च्या अलीकडचा. आणि गाडीवर सिगारेटच्या पाकिटाचे रंग दिसले तर १९६८ किंवा त्यानंतरचा, कारण ग्रां प्रीत जाहिरातदारांचे रंग मोठ्या प्रमाणावर तेव्हापासून आले.

सावधपणा कशासाठी, तर रंग पाहून कंपनी ठरवू नका. १९२९ साली मोनाकोची पहिली ग्रां प्री विल्यम ग्रोव्हर-विल्यम्सने जिंकली. त्याची गाडी बुगाटी, फ्रान्समध्ये बनलेली. रंग मात्र हिरवा, कारण चालवणारा ब्रिटिश. हिरवी म्हणजे ब्रिटनची बेंटलीच, असं म्हणणाऱ्याला हे एक उदाहरण पुरेसं आहे.

चित्र कुठल्या काळात काढलं, हाही प्रश्न रंगाशी बांधलेला आहे. अशी बरीचशी चित्रं शर्यतीनंतर कित्येक वर्षांनी काळ्या-पांढऱ्या फोटोंवरून काढली जातात. आणि जुनी फिल्म लाल रंगाला आंधळी असे. आपल्या आजी-पणजीच्या फोटोत कपाळावरचं कुंकू काळंकुट्ट दिसतं, ते त्यामुळेच. त्याच फिल्मवर लाल अल्फा रोमिओ काळपट येते आणि निळी बुगाटी फिकट, कधीकधी पांढरट. हे माहीत नसलेल्या चित्रकाराने फोटोवर विसंबून रंगवलं तर गाडीचा देशच बदलतो. उलट, प्रत्यक्ष शर्यतीला जाऊन साप्ताहिकासाठी चित्रं करणारे लोकही होते. ब्रिटनच्या 'ऑटोकार'साठी काम करणारा गॉर्डन क्रॉस्बी त्यातला मोठा माणूस. कोळशाच्या कांडीचे गडद, तुटक फटकारे आणि त्यावर जरुरीपुरता रंग. अशा चित्रात बारीक तपशील कमी असतात, पण आकाशाचा उजेड खरा असतो.

उजेडाच्या बाबतीत आपलं नाशिक शिकवायला समर्थ आहे. गोदाघाटावर सकाळी जलरंगात काम करणारे विद्यार्थी बघा, शिवाजी तुपे यांची निसर्गचित्रं बघायला मिळाली तर बघा. ओल्या दगडावरचा उजेड आणि कोरड्या धुळीतला उजेड यांतला फरक डोळ्यात भरला की मग शर्यतीच्या चित्रातली धूळ खरी आहे की नुसता करडा रंग फासलाय, ते सांगता येतं. खऱ्या धुळीला ऊन लागलं की तिची कड उजळते आणि पोट गडद राहतं.

सहावी पायरी: डोकी, सोबती आणि वर्ष

आता तारखेकडे जायचं. गाडीपेक्षा माणसं लवकर सांगतात. डोक्यावर कापडी किंवा कातडी टोपी आणि गॉगल असेल तर बहुतेक चित्र १९५२ च्या आधीच्या शर्यतीचं, कारण त्या वर्षापासून ग्रां प्रीत कडक हेल्मेट सक्तीचं झालं. गाडीत दोन माणसं असतील तर दुसरा मेकॅनिक. तो टायर बदलायचा, तेलाचा दाब बघायचा, मागून कोण येतंय ते सांगायचा. ग्रां प्री शर्यतींत १९२५ पासून त्याला बसवणं बंद झालं, पण लांब पल्ल्याच्या रस्त्यावरच्या शर्यतींत सोबती टिकून राहिला. वळणात तो कुठल्या बाजूला झुकलाय ते बघा. माझ्या चित्रात तो डावीकडे, वळणाच्या आत, गाडीबाहेर अर्धा लोंबकळतोय आणि त्याचा हात बॉनेटच्या पट्ट्याला धरलेला आहे. चाकांनी सांगितलेली गोष्ट त्याच्या अंगानेही सांगितली आहे.

इंजिन पुढे की मागे, हेही बघा. चालवणाऱ्याच्या पुढे लांब नाक असेल तर जुना काळ. ग्रां प्रीमध्ये १९६० नंतर इंजिन मागेच गेलं. अपवाद ऑटो युनियन या जर्मन कंपनीचा, जिने १९३४ पासूनच सोळा सिलिंडरचं इंजिन चालकाच्या पाठीमागे बसवलं होतं. गाडीला पंख (तिला रस्त्यावर दाबून धरणारी आडवी पाती) दिसले तर १९६८ च्या आधीचा काळ जवळजवळ बाद. आणि चालक रस्त्यापलीकडून धावत येऊन तिरक्या लावलेल्या गाड्यांत उड्या मारत असतील, तर ती फ्रान्समधल्या ल माँची २४ तासांची शर्यत असण्याची दाट शक्यता. तिथली ही पद्धत १९६९ पर्यंत चालली.

'विंटेज' हा शब्द आपण कुठल्याही जुन्या गाडीला लावतो. ब्रिटनच्या हौशी मंडळींत त्याचा नेमका अर्थ १९१९ ते १९३० मधली गाडी. जाणकारांशी बोलताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

सातवी पायरी: आता गाडीचं नाव

इतकं झाल्यावर रेडिएटर बघा. निळ्या गाडीचा रेडिएटर घोड्याच्या नालेसारखा आहे आणि चाकांना तारा नाहीत, आठ रुंद, चपटे आरे आहेत. हे रूप एकाच घराण्याचं: बुगाटी ३५ आणि तिची भावंडं. ३५ ही गाडी १९२४ साली ल्यों इथल्या फ्रेंच ग्रां प्रीत पहिल्यांदा उतरली. लाल गाडीचा चेहरा धुळीत आहे. लाल म्हणजे इटलीची धरली तर अल्फा रोमिओ किंवा मासेराटी. मासेराटी असेल तर १९२६ च्या आधीची नाही, कारण त्या नावाची पहिली गाडी त्याच वर्षी तार्गा फ्लोरिओत धावली.

भिंतीकडे परत या. दगडांच्या फटींतून वर आलंय ते फड्या निवडुंग. सिन्नरहून आलेला माझा एक मित्र ते बघून म्हणाला होता, "हा तर आमच्या गावाकडचा रस्ता!" सिसिलीतही हा निवडुंग बांधाबांधावर असतो. कच्चा डोंगरी रस्ता, निवडुंग, निळी बुगाटी, कापडी टोप्या, सोबतीला मेकॅनिक आणि एकेकट्या सुटलेल्या गाड्या. मी तार्गा फ्लोरिओ म्हणतो, १९२० च्या दशकाचा उत्तरार्ध. १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षं ती शर्यत बुगाटीनेच जिंकली. १०८ किलोमीटरचा एक फेरा, असे पाच. गाडीवरचा आकडा पूर्ण दिसत नाही, पहिला ४ आहे आणि दुसरा धुळीखाली, त्यामुळे वर्षाचा नेमका दाखला मी देत नाही. तुम्हीही अशा वेळी पुराव्यापुढे जाऊ नका.

निळ्या गाडीत पुरुषच आहे असंही मी धरत नाही. १९२८ साली याच रस्त्यावर चेक चालक एलिश्का युंकोव्हा बुगाटी घेऊन उतरली होती. तिने आधी येऊन वळणं पाठ केली होती, कडेच्या खुणा लक्षात ठेवल्या होत्या, आणि दुसऱ्या फेरीअखेर ती सगळ्यांच्या पुढे होती. शेवटी पाचवी आली. गॉगल, टोपी आणि धूळ यांच्याआड चेहरा बाई-पुरुष सांगत नाही.

आठवी पायरी: न धावणारी माणसं

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मला ती फार प्रिय आहे. भिंतीवरच्या तिघांपैकी एकाने हॅट धरली आहे. दुसरा लहान मुलगा आहे, त्याने दोन्ही कानांत बोटं घातली आहेत. चित्रातला आवाज तेवढ्या दोन बोटांत आहे. तिसरी एक म्हातारी, गाढवाचा दोर धरून रस्त्याकडे पाठ करून उभी. गाढवाचे कान मागे पडलेत. तिला शर्यतीचं काही नाही, तिला रस्ता मोकळा व्हायला हवा आहे.

प्रेक्षक किती जवळ आहेत, तेही मोजा. माझ्या चित्रात मुलाच्या पायापासून निळ्या गाडीच्या मागच्या चाकापर्यंत दोन हातही अंतर नाही, आणि शेपटी तिकडेच सरकतेय. हे अंतर चित्रकाराची अतिशयोक्ती नव्हे. त्या रस्त्यांवर कठडे नव्हतेच. १९५५ साली ल माँ इथे एक गाडी उडून बांधावर आदळली, तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. १९५७ च्या मिले मिलियात चालक, त्याचा सोबती आणि कडेला उभी असलेली माणसं, त्यात मुलंही, मारली गेली आणि ती शर्यत तिथेच बंद पडली. सुंदर चित्रासमोर हे आठवणं जड जातं. तरीही आठवा, कारण चित्रकाराने त्या मुलाला उगाच तिथे बसवलेलं नाही.

शेवटी लिहून ठेवा

एक वही करा. चित्र बघितल्याची तारीख, मग क्रमाने: मी कुठे उभा, वारा कुठून, तीन दिशा, हात, रंग, डोकी, रेडिएटर, प्रेक्षक. प्रत्येक नोंदीपुढे "दिसतं" किंवा "वाटतं" असा शब्द लिहा. लाल गाडी धुळीतून बाहेर पडू बघतेय, हे दिसतं. ती घड्याळात पुढे आहे, हे वाटतं. महिन्याभराने तेच चित्र परत बघा आणि जुनी नोंद झाकून नवी लिहा.

सराव करायला मोटारींचंच चित्र हवं असं नाही. नाशिकमध्ये चित्रप्रदर्शनं लागत असतात. १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात बसून जुनी सचित्र मासिकं चाळता येतात. आणि मायको सर्कलला संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहून वळणाऱ्या वाहनांची नाकं, चाकं आणि चालवणाऱ्यांची कोपरं बघता येतात. तिथून घरी येऊन चित्रासमोर उभे राहा.

गेल्या रविवारी एका बारावीच्या मुलीने माझ्या चित्रात एक गोष्ट दाखवली, जी मी इतक्या वर्षांत बघितली नव्हती. मेकॅनिक वळणाकडे बघत नाहीये. त्याची मान मागे वळलेली आहे, लाल गाडीकडे, आणि तोंड उघडं आहे. मी त्या दिवशीच्या नोंदीत लिहिलं: ओरडतोय, हे दिसतं. काय ओरडतोय, त्यापुढची जागा कोरी ठेवली आहे.